सगळे चेंडू नऊ नंबरकडे: इंदुरातल्या एका मुलांच्या फुटबॉल संघाचे दोन हंगाम

पहिल्या हंगामात बारापैकी नऊ सामने जिंकलेला संघ दुसऱ्या हंगामातल्या पहिल्या सहापैकी पाच हरतो. मुलं तीच, प्रशिक्षक तेच, मैदान तेच. पालकांच्या ग्रुपवर कारणांची रांग लागते: सर ढिले पडले, पोरं मोबाइलवर असतात, पंच समोरच्यांचे होते. खरं कारण पहिल्या हंगामातल्या विजयांतच होतं. जिंकत असताना ते कोणी शोधलं नाही, एवढंच.

हे प्रकरण मांडताना लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग या भागांतल्या मुलांच्या संघांमध्ये नेहमी दिसणारे तपशील एका संघात गुंफले आहेत. मुलांची नावं गाळून जर्सीचे नंबर ठेवले आहेत.

संघ आणि माती

सोळा मुलं. पहिल्या वर्षी बारा वर्षांखालच्या गटात, दुसऱ्या वर्षी तेराखालच्या. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी. सराव आठवड्यातून तीनदा: मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ, रविवारी सकाळी साडेसहा. मैदान एका शाळेचं, ओळखीवर मिळालेलं, म्हणजे क्रिकेटवाले आले की अर्धं सोडायचं आणि मधल्या पिचवर पाय ठेवायचा नाही.

माती माळव्याची काळी. पावसाळ्यात ती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत प्रत्येक पाय अर्धा किलोने जड होतो. दिवाळीच्या सुमारास मैदान सर्वांत चांगलं असतं. जानेवारीत भेगा दिसू लागतात आणि मार्चपर्यंत जमीन दगड होते. चेंडू जमिनीवरून सरळ जाईल असे दिवस वर्षात जेमतेम अडीच-तीन महिने. अशा मैदानावर लहान पास खेळवायला प्रशिक्षक का कचरतात, हे समजण्यासारखं आहे. तीन पास दिले की चौथा भेगेत अडकून उसळतो आणि मुलाच्या छातीवर येतो.

जिंकत का होते

स्पर्धा स्थानिक, अकरा विरुद्ध अकरा, २५ मिनिटांचे दोन भाग. गोलपोस्ट मोठ्यांचे: ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. बारा वर्षांचा गोलकीपर साधारण १४५ सेंटिमीटरचा. हात वर केले तर बोटं १८५ पर्यंत पोहोचतात, उडी मारली तर २०५ ते २१० पर्यंत. म्हणजे वरच्या दांड्याखाली एक हातभर पट्टा असा उरतो, जिथला चेंडू तो कितीही चांगला असला तरी अडवूच शकत नाही. या वयात वीस मीटरवरून उंच चेंडू मारू शकणारं पोर ज्या संघात असेल तो संघ सामने जिंकतो. याला डावपेच म्हणायचं की लोखंडाच्या मापाचा फायदा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

या संघात असं पोर होतं: नऊ नंबर. जन्म जानेवारीतला, उंची बाकीच्यांपेक्षा वीतभर जास्त, आवाज फुटायला लागलेला. आपल्याकडे वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, आणि बारा वर्षांच्या पोरांत अकरा महिने म्हणजे फार मोठं अंतर. संघाच्या यादीत जन्ममहिने लिहून पाहिले तेव्हा सोळापैकी दहा मुलं जानेवारी ते एप्रिलमधली निघाली. निवडीच्या दिवशी प्रशिक्षकांना वाटलं होतं की आपण गुणी मुलं निवडतोय. निवडली गेली होती आधी जन्मलेली.

खेळ ठरलेला होता. गोलकीपरने किंवा बॅकने, म्हणजे मागे बचाव करणाऱ्याने, लांब मारायचं, नऊ नंबरने खांद्याने समोरच्या बॅकला बाजूला सारायचं आणि गोल. टचलाइनवरून एक आजोबा, रामबागेतल्या वाड्यात उभा जन्म मराठीत काढलेले, मैदानावर येताच हिंदीत ओरडायचे, "अरे मार ना लंबा!" पोरं मारायची.

हंगामाच्या शेवटी एका सामन्यात साहाय्यकाने कागदावर रेघोट्या मारून मोजणी केली. उजव्या बाजूला खेळणाऱ्या सात नंबरने पन्नास मिनिटांत चेंडूला अकरा वेळा स्पर्श केला. त्यांतले चार थ्रो-इन, म्हणजे हाताने. पायाने सात. सामना ४-० जिंकला होता, म्हणून तो कागद बॅगेच्या कप्प्यात तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट त्या वर्षात पेरली गेली. नऊ नंबरच्या वयावर समोरचे पालक शंका घेऊ लागले. जन्मदाखला खरा होता. अशा वेळी डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढणाऱ्या टीडब्ल्यू-३ चाचणीचं नाव घेतलं जातं. ती चाचणी हाडं किती पिकलीत ते सांगते, पोर कोणत्या तारखेला जन्मलं ते सांगत नाही. लवकर वयात येणारं पोर पूर्ण प्रामाणिक असूनही तिच्यात अडकू शकतं. हे पालकांना आधीच समजावून ठेवावं, नाहीतर पोराच्या कपाळी उगाच चोरीचा शिक्का बसतो.

घसरण

ऑक्टोबरात दुसरा हंगाम सुरू झाला तेव्हा समोरच्या संघांतही दोन-तीन पोरं उंच झाली होती. महूकडच्या एका संघाने नऊ नंबरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन बॅक उभे केले. पुढच्याने चेंडू तोडायचा, मागच्याने उरलेला उचलायचा. सामना ०-३. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संघाने तेच केलं. या संघाकडे दुसरा मार्गच नव्हता, कारण मधल्या चौघांना वर्षभर चेंडू मिळालाच नव्हता. पाठीवर माणूस घेऊन चेंडू थांबवायचा कसा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि खेळातूनही ते शिकले नव्हते.

प्रशिक्षकांनी पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक जण करतात. सरावात मैदानाच्या फेऱ्या वाढवल्या. दुसऱ्या उंच पोराला, पाच नंबरला, बॅकवरून उचलून पुढे नेलं. फेऱ्यांनी पोरं दमली, पास सुधारले नाहीत. पाच नंबर पुढे गेल्याने मागे भोक पडलं ते वेगळं.

तोवर नऊ नंबर लंगडायला लागला होता. दुखत होतं गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा हाताला लागतो तिथे. बोटाने दाबलं की कळ, जिना उतरताना कळ, किक मारताना जास्त. अस्थिरोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं: ऑस्गुड-श्लॅटर. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाटीवरून जाऊन त्या उंचवट्याला ओढते. वाढीच्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. नडगी आणि मांडीची हाडं भराभर लांबतात, स्नायू तेवढ्या वेगाने लांबत नाही, आणि प्रत्येक किक, उडी, अचानक थांबणं त्या कच्च्या जागेवर हिसका देतं. टाचेच्या मागे दुखत असेल तर तिथलं दुखणं याच घराण्यातलं, त्याला सेव्हर म्हणतात.

पोराचा आठवडा कागदावर मांडला तेव्हा उलगडा झाला. या संघाचे तीन सराव, प्रत्येकी ७५ मिनिटं. दोन सामने, १०० मिनिटं. शाळेच्या संघाचे दोन सराव, प्रत्येकी तासभर. बेरीज ४४५ मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेसात तास. याशिवाय रोज संध्याकाळी कॉलनीत क्रिकेट, आणि तिथे साहेब फास्ट बॉलर. पुढचा पाय आपटून चेंडू टाकणं याच जागेला हिसका देतं. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

मग आणखी एक चूक झाली. दोन आठवडे पूर्ण विश्रांती, तिसऱ्या शनिवारी पूर्ण सामना, रविवारी पुन्हा पूर्ण सामना. सोमवारी पोर जिन्याचा कठडा धरून उतरत होतं. या दुखण्यात शून्यावरून एकदम शंभरावर गेलं की ते परत येतंच. नंतर पाळलेला नियम साधा: पोराने दुखणं शून्य ते दहात सांगायचं. तीनपर्यंत असेल आणि चाल सरळ असेल तर खेळ चालू. लंगडला की बाहेर, मग तो कितीही नाही म्हणो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर दुखलं तर कालचं जास्त झालं, आज उड्या आणि किक बंद. सरावानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. मांडीचा पुढचा स्नायू हळू ताणायचा, हिसके न देता. बोलिंग हंगामभर बंद. रात्री दुखत असेल, गुडघा सुजला असेल किंवा खेळताना एकदम ‘कट’ आवाज होऊन दुखलं असेल, तर हे ते नव्हे, थेट डॉक्टर.

याच वेळी उंची मोजणं सुरू झालं. भिंतीवर चिकटवलेली टेप, डोक्यावर कंपासपेटीतला गुण्या, बूट-मोजे काढून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी. वेळ तीच हवी, कारण दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर खचतो. संध्याकाळी मोजलं तर पोर आखडल्यासारखं दिसतं. एका महिन्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तीन महिन्यांचा फरक बघायचा. वाढीच्या ऐन भरात मुलं वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढतात. तीन महिन्यांत दोनच्या वर गेलं की नावापुढे खूण आणि त्या पोराच्या उड्या व लांब किक कमी. याच काळात पोरं धडपडतात, काल जमणारा टच आज जमत नाही. पालक म्हणतात आळशी झाला. पाय लांब झालेत आणि डोक्यातला नकाशा जुना आहे, इतकंच असतं.

पोह्यांची बैठक

पाचव्या पराभवानंतरच्या रविवारी, सराव संपल्यावर, पालकांना थांबवलं. पोहे-जलेबी मागवली होती, म्हणून निम्मे तरी थांबले.

नऊ नंबरचे वडील म्हणाले, "सर, तुम्हाला ट्रॉफी नको आहे का? त्याला वीस मिनिटं तरी उतरवा."

चौदा नंबरची आई कोपऱ्यात उभी होती. "माझा मुलगा पाचला उठतो सर. राऊहून आणते मी त्याला. तो तीन मिनिटं खेळतो. ट्रॉफीचं मी काय करू?"

यानंतर बैठक मोडायलाच आली होती. एकाने फीचा विषय काढला, दुसऱ्याने दुसऱ्या संघाचा. ती सावरली एका कागदाने. सामना ५० मिनिटांचा. गोलकीपर वेगळा, त्याची पन्नास मिनिटं ठरलेली. उरल्या दहा जागा आणि पंधरा मुलं. सामन्याचे साडेबारा मिनिटांचे चार तुकडे केले तर दहा जागांचे चाळीस तुकडे होतात. दहा मुलांना तीन-तीन, पाच मुलांना दोन-दोन. तीस आणि दहा, चाळीस. म्हणजे कोणालाही २५ मिनिटांपेक्षा कमी नाही, साडेसदतिसापेक्षा जास्त नाही. दोन तुकडेवाले पाच जण दर सामन्याला बदलायचे, तीन सामन्यांत सगळ्यांची पाळी होते. तक्ता शनिवारी रात्री ग्रुपवर. नऊ नंबर दुखण्याच्या नियमात बसला तरच तक्त्यात, नाहीतर त्याचे तुकडे पुढच्याला.

यात एक गोम आहे. बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो की नाही, हे स्पर्धा घेणाऱ्यांवर असतं. मुलांच्या खेळात नियम ती मुभा देऊ देतात, पण ती आपोआप मिळत नाही. नावनोंदणीच्या वेळीच विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं. मुभा नसेल आणि पाचच बदल असतील तर हिशेब सरळ: पाच जण पूर्ण, पाच पहिला भाग, पाच दुसरा भाग, आणि ‘पूर्ण’वाले पाच दर वेळी वेगळे.

पालकांकडून दोनच गोष्टी मागितल्या. चेंडू पायात असताना पोराला काही सांगायचं नाही. टाळ्या हव्या तितक्या. आणि तक्रार सामन्याच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी फोनवर. आजोबांना तिसरी गोष्ट दिली: रेघोट्यांचा कागद आणि पेन्सिल. प्रत्येक सामन्यात एका पोराचे स्पर्श मोजायचे. मोजणारा माणूस ओरडू शकत नाही, हा त्यातला लपलेला भाग.

मैदानावर काय बदललं

आधी जमीन. मैदानाचा एकच कोपरा निवडला, ३० बाय २५ मीटर. भेगांत बारीक मुरूम भरला, सरावाच्या आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारून लाकडी पाट्याने ओढलं. पहिल्यांदा पाणी जास्त झालं आणि सकाळी बुटांना लाडू चिकटले. काळ्या मातीला पाण्याचा अंदाज दोन-तीन वेळा चुकल्यावरच येतो. चेंडू चार नंबरचा, साधारण ३५० ते ३९० ग्रॅम. आधी सरावात मोठ्यांचे पाच नंबरचे चेंडू होते, तेही दगडासारखे फुगवलेले. गेजचा पंप घेतला आणि हवा ०.६ ते ०.७ बारवर आणली. खडबडीत जमिनीवर उसळी कमी करायचा याहून स्वस्त उपाय नाही.

७५ मिनिटांची वाटणी अशी झाली: पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं आणि एका पायावर तोल, वीस मिनिटं चार विरुद्ध दोन (चौघांनी आपसांत पास द्यायचे, दोघांनी चेंडू हिसकायचा), पंचवीस मिनिटं मागून चेंडू काढणं, म्हणजे आपल्या गोलपाशी लहान पास देत चेंडू पुढे नेणं, उरलेली पंधरा मिनिटं चार विरुद्ध चार सामने. फेऱ्या बंद. चार विरुद्ध दोनचा चौकोन दहा मीटरचा. आठ मीटरचा ठेवला तेव्हा तीन पासही होईनात.

सगळा घोळ मागून चेंडू काढण्यात झाला. गोलकिक म्हणजे आपल्या गोलपाशी चेंडू ठेवून खेळ पुन्हा सुरू करणं; २०१९ पासून तिचा नियम बदलला आहे. चेंडू पेनल्टी बॉक्सबाहेर जाण्याची वाट बघावी लागत नाही, सहकारी बॉक्समध्येच तो घेऊ शकतो. समोरच्यांना मात्र चेंडू खेळात येईपर्यंत बाहेर थांबावं लागतं. लहान संघाला हे वरदान, पण जमलं तर. पहिल्या दोन सामन्यांत याच प्रयत्नात तीन गोल खाल्ले, आणि तिन्ही वेळा सेंटर बॅक, चार नंबर, त्यात होता. प्रशिक्षकांनी व्हिडिओ थांबवून पाहिला. पोर गोलकीपरकडे तोंड करून, छाती सरळ ठेवून उभं. चेंडू आला, जवळच्या पायाने थांबवला, वळलं तर नाकासमोर समोरचा स्ट्रायकर. मागे काय आहे हे त्याला दिसणंच शक्य नव्हतं.

उपाय दोन. उभं राहताना एक खांदा आपल्या गोलकीपरकडे, दुसरा समोरच्या गोलकडे. चेंडू लांबच्या पायाने घ्यायचा, म्हणजे घेतानाच अंग पुढे वळतं. आणि चेंडू वाटेत असताना मान वळवून एकदा मागे. हे तोंडी सांगून होत नाही. साहाय्यक त्याच्या पाठीमागे उभा राहून बोटं दाखवायचा, चेंडू पायाला लागण्याआधी पोराने आकडा ओरडायचा. पहिल्या आठवड्यात दहापैकी दोन बरोबर. चौथ्या आठवड्यात सात. आठव्या वेळी त्याने "शून्य!" म्हटलं आणि साहाय्यकाने खरंच मूठ मिटलेली होती.

मागून चेंडू काढण्याच्या सरावाची रचना: गोलकीपर आणि तिघे विरुद्ध दोघे, दोन टोकांना तीन-तीन मीटरची फाटकं, चेंडू पायात घेऊन फाटकातून गेलं की गुण. आधी दाब टाकणारे, म्हणजे चेंडू हिसकायला अंगावर येणारे, दोघे ठेवले, तेव्हा दहापैकी दोनदाच जमायचं आणि पोरं चिडायची. एकच ठेवला, दहापैकी सात-आठ जमायला लागले, मग दुसरा आणला. दहापैकी सहा-सातदा जमतं तेवढीच अडचण ठेवावी. त्याहून सोपं असेल तर पोरं गप्पा मारतात, कठीण असेल तर पुन्हा लांब मारायला लागतात.

लांब मारणं मात्र बंद केलं नाही. समोरचे चौघे दाब द्यायला वर आले असतील तर त्यांच्या डोक्यावरून मारणं हाच शहाणपणा. लहान पासचं व्रत घेणारे प्रशिक्षकही पोरांचं तेवढंच नुकसान करतात.

रविवारी आपसांतले सामने अकराचे न ठेवता लहान केले. नऊ विरुद्ध नऊसाठी इंग्लंडमध्ये ७३ बाय ४६ मीटरचं मैदान आणि ४.८८ बाय २.१३ मीटरचे गोल वापरतात; तेच माप घेतलं. सोळा पोरांत आठ विरुद्ध आठच होतात, तेवढं चाललं. पोस्ट बांबूचे, वर ताणलेली दोरी. ती वाऱ्याने हलते आणि गोल झाला की वरून गेला यावर भांडण होतं, पण गोलकीपरचा हात दोरीजवळ पोहोचतो. त्याला पहिल्यांदाच वाटलं की उंच चेंडू आपलाही असू शकतो.

काय जमलं, काय नाही

उरलेल्या सात सामन्यांत तीन जिंकले, दोन बरोबरीत, दोन हरले. चषक नाही. दोन मुलं डिसेंबरात दुसऱ्या संघात गेली, जिथे अजून लांब मारतात आणि जिंकतात. त्यांतला एक पाच नंबर होता; त्याला तीन महिन्यांत पुढे, मागे, पुन्हा पुढे हलवलं गेलं होतं, आणि त्याच्या वडिलांची तक्रार रास्त होती. फेब्रुवारीत परीक्षांमुळे सरावाला आठच मुलं यायची. तक्ता तेव्हा कोलमडला, आणि आलेल्यांनाच खेळवायचं असं ठरलं. त्यावरही एक फोन आला.

सात नंबरची मोजणी आजोबांनी जानेवारीत केली. साडेसदतीस मिनिटांत एकतीस स्पर्श, थ्रो-इन धरले नाहीत. कागदाच्या खाली त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं: "दोनदा उगाच मागे दिला."

नऊ नंबर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतला, एका तुकड्यापुरता, आणि मिडफिल्डमध्ये. तिथे त्याच्या उंचीचा उपयोग नव्हता. पाठीमागून येणारी लहान चणीची पोरं त्याच्या पायातून चेंडू काढून न्यायची. तिसऱ्या सामन्यात त्याने प्रशिक्षकांना विचारलं, "सर, मला पुन्हा पुढे कधी?" उत्तर मिळालं की मार्चपर्यंत नाही. वडील दोन रविवार आले नाहीत, मग यायला लागले, पण लांब उभे राहतात.

रंगपंचमीनंतरच्या मोजणीत चौदा नंबर तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर वाढलेला निघाला. त्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण झाली, आणि आईला विचारलं की तो आणखी कुठे-कुठे खेळतो.